आणि जास्त नाही

थॉर्नकोम,
९ जानेवारी १९८४

प्रिय मर्टलताई,

ख्यालीखुशाली नंतर, आधी बातमी. काल मी वजनाचा काटा विकत आणला.

ठेवलाय बाथरूममध्ये. नाताळानंतरच्या सेलमधून तुझ्या भावजयीने, ऑड्रीने, बाथरूमभर गालिचा बसवून घेतलाय, शेवाळी रंगाचा, इतका जाड की पाऊल ठेवलं की बोटं दिसेनाशी होतात. कमोडच्या भोवतीही कापून बसवलाय. शेजारणी बघायला येतात आणि दाराशी बूट काढतात. त्या गालिच्याच्या मधोमध माझा काटा, सिंहासनासारखा. मी चढलो. सतरा स्टोन, म्हणजे दोनशे अडतीस पौंड. उतरलो, चष्मा पुसला, पुन्हा चढलो. सतरा स्टोन. मग सगळे कपडे काढून चढलो. कपड्यांना इतकं कमी वजन असतं हे मला आजवर माहीत नव्हतं.

तुला ऑर्कनीला जाऊन इतकी वर्षं झाली की इथला मे महिना आपण विसरलो असं तू म्हणतेस. मला ते खरं वाटत नाही. तरी आठवण करून देतो, कारण या वेळी त्या खुर्चीत मी बसणार आहे. मेच्या तिसऱ्या शनिवारी टाउन हॉलसमोर ती पितळी तिकाटणी उभी करतात, तिला खुर्ची टांगतात, आणि मावळत्या नगराध्यक्षाचा झगा आणि गळ्यातली साखळी उतरवून त्याला नुसत्या शर्टावर तिच्यात बसवतात. वर्षापूर्वी पद घेताना जे वजन भरलं होतं त्याच्याशी ताडून बघतात. तेवढंच किंवा कमी असेल तर चोपदार घंटा वाजवून आकडा पुकारतो आणि वर म्हणतो, “आणि जास्त नाही.” गाव टाळ्या वाजवतं. वाढलं असेल तर म्हणतो, “आणि वर थोडं जास्त.” म्हणजे हा गडी वर्षभर लोकांच्या पैशावर चरला. मग गाव काय करतं ते तुला सांगायला नको.

बाबांच्या वेळी मी दहा वर्षांचा होतो. पहिल्या रांगेत होतो, हातात कागदी झेंडा होता. युद्धानंतरचं मटणाचं रेशन चालू, आणि नगराध्यक्ष खाटीक, आणि त्याचं वजन वाढलेलं. अजून पेटिफर म्हटलं की म्हातारी माणसं आधी माझ्या पोटाकडे बघतात आणि मग चेहऱ्याकडे.

गेल्या मेमध्ये मी पंधरा स्टोन चार पौंड होतो. आता तूच सांग, नगराध्यक्षाचं काम काय? खाणं. महिला मंडळाचा चहा, चर्चचा चहा, बोलिंग क्लबचं जेवण, शाळेचं बक्षीस-वाटप आणि त्यानंतर चहा. नाही म्हणावं तर मतदार दुखावतो. आणि उपनगराध्यक्ष स्लोकम, तोच तो लोखंडी सामानाच्या दुकानाचा, माझ्यानंतर खुर्चीत बसायला टपलेला, गावभर सांगत फिरतोय की पेटिफर घराण्याची भूक जुनी आहे.

पण मी आज फार उत्साहात आहे. काटा सकाळी, दुपारी आणि निजताना, असं ठरवलंय. मला “आणि जास्त नाही” हे शब्द ऐकायचे आहेत, ताई. आपल्या आडनावामागे एकदा तरी.

तुझा धाकटा आणि सध्या रुंद भाऊ,
क्लेम


ऑर्कनी,
२० जानेवारी

प्रिय क्लेम,

तुझं पत्र बोटीत भिजून आलं, उत्साह मात्र कोरडा होता.

काटा आठवड्यातून एकदा. शुक्रवारी सकाळी, संडास उरकल्यावर, चहाच्या आधी, अंगावर काही न घालता, खिडकीचा पडदा ओढून. शेवटचं थॉर्नकोमच्या हितासाठी. आकडा लिही, काटा भिंतीला उभा कर आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत विसर.

दिवसातून तीनदा कशाला? माणसाचं वजन दिवसभरात चार-पाच पौंड सहज वरखाली होतं. त्यात चहा असतो, मीठ असतं, आदल्या दिवशीचं जेवण असतं. ती चरबी नव्हे, ती नुसती ये-जा आहे. रोज काट्यावर चढणारा माणूस वजन कमी करत नसतो, तो बातम्या ऐकत असतो. आकडा उतरला की खूश होऊन खातो, चढला की दुःखाने खातो. इतकी वर्षं नर्स म्हणून या बेटांवर हिंडले. एक बाई बाळाला दर दुधानंतर तोलायची. बाळ छान वाढलं, बाई वाळली.

लोणी कमी कर. कुत्र्याला स्वतः फिरव, ऑड्रीवर टाकू नकोस. केक आला तर एक घास खा आणि खूप बोल. बोलणं तुला जमतं.

बाबांविषयी मला काही लिहायचं नाही. ते प्रकरण संपलं.

मर्टल


थॉर्नकोम,
१७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय मर्टलताई,

तुझा सल्ला मी तंतोतंत पाळतोय. शुक्रवारचं वजन तेवढं खरं वजन. बाकीच्या दिवशी मी नुसता बघतो.

बघण्यातून किती शिकायला मिळतं म्हणून सांगू. केस कापल्याने काही होत नाही, मी आधी आणि नंतर दोन्ही वेळा चढलो. आंघोळीनंतर माणूस जड होतो, निदान माझ्यासारखा केसाळ माणूस. ब्रॅम्बल कुत्र्याला टेकडीवर नेऊन आणलं की पौंडभर उतरतं आणि पाणी प्यायलं की तो पौंड घरी परत येतो. ऑड्रीने काटा कपड्यांच्या कपाटावर नेऊन लपवला. मी शिडी लावून उतरवला. शिडीचे श्रम धरून पुन्हा वजन केलं.

महिला मंडळात मात्र घोटाळा झाला. मिसेस टॅपस्कॉटनी, म्हणजे अध्यक्षीणबाईंनी, स्वतःच्या हाताने केलेल्या अक्रोडाच्या केकचा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला. विटेएवढा. मी एक घास खाल्ला, खूप बोललो, आणि त्यांची पाठ वळताच उरलेला माझ्या नगराध्यक्षाच्या तिकोनी टोपीत टाकला. म्हटलं, बाहेर गेल्यावर ब्रॅम्बलला देऊ. तेवढ्यात निरोपाचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि सगळे उठले, आणि मी सवयीने टोपी डोक्यावर घातली. केक कानावरून ओघळला, ताई. मिसेस टॅपस्कॉट गीत संपेपर्यंत थांबल्या. त्या शिस्तीच्या आहेत. मग म्हणाल्या, “आवडला नाही असं सांगितलं असतंत तरी चाललं असतं, साहेब.” तेव्हापासून बाजारात मला बघितलं की त्या पिशवी दुसऱ्या हातात घेतात. स्लोकमला विषयच मिळाला. आधी म्हणायचा पेटिफर फार खातो, आता म्हणतो पेटिफरला आपल्या बायकांच्या हातचं चालत नाही.

एवढं करून आजचा आकडा सोळा स्टोन पाच पौंड. उतरतोय, पण मुंगीच्या पावलांनी. आणि एक गंमत. पँट सैल पडतेय. ऑड्री म्हणते वजन उतरलंय. काटा म्हणतो फारसं नाही. मी काट्याचं ऐकतो, कारण तो माझं मन राखायला बोलत नाही. पँटचं म्हणशील तर नव्या धुण्याच्या पावडरने कापड ताणलं असणार. पँट धरायला खांद्यावरून ब्रेसेस लावून हिंडतोय.

मी हरलेलो नाही. आता उकडलेला कोबी.

क्लेम


ऑर्कनी,
५ मार्च

प्रिय क्लेम,

मी गणित केलं. लोणी बंद, केक टोपीत, कुत्रा टेकडीवर, कोबी उकडलेला, आणि तरी सोळा स्टोन पाच. मी शेतकऱ्यांच्या बायकांपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना पथ्यावर ठेवलंय. अशा पथ्यावर माणूस भराभर उतरतो. न उतरणारा माणूस एकाच जातीचा असतो.

बिस्किटांचा डबा कुठे ठेवतोस? बुटांच्या दुकानात, गमबुटांच्या खोक्यांमागे? लहानपणी कोळशाच्या बादलीमागे ठेवायचास.

मला फसवून तुझा काय फायदा? मी खुर्चीच्या आसपासही नसेन. मे महिन्यात ती पितळी तिकाटणी तुझी पत्रं वाचणार नाही.

मर्टल


थॉर्नकोम,
२ एप्रिल

प्रिय मर्टलताई,

क्लेम लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. तुमच्या पत्राचं त्यांना फार लागलं. गमबुटांच्या खोक्यांमागे मी स्वतः जाऊन बघितलं, तिथे गमबूटच आहेत. ते काही खात नाहीयेत, ताई. कोबी आणि बिनदुधाचा चहा. बिनदुधाचा चहा म्हणजे काय ते तुम्हाला कळेल.

काल स्काउटांचं संचलन होतं. सलामी घेता घेता ते डोलायला लागले. होरेस टिबल चोपदार शेजारीच होता, त्याने राजदंड तिरका केला आणि यांनी तो धरला. लोकांना वाटलं काहीतरी जुना रिवाज असेल. टाळ्यासुद्धा पडल्या. घरी आल्यावर म्हणाले, “ऑड्री, अजून पाच पौंड.” पंधरा स्टोन नऊवर काटा रुसून बसलाय.

आता दिवसातून दहादा चढतात. उठल्यावर, दात घासल्यावर, दाढी केल्यावर. मी दारावर थाप मारली की आतून म्हणतात, “एकच मिनिट, आकडा स्थिर होतोय.” पत्नी म्हणून मी पुष्कळ काही सोसलंय, पण माझ्या नव्या गालिच्यात त्या काट्याच्या चार पायांनी चार खड्डे पडलेत, करंगळीभर खोल. ब्रशने उभे करते, पुन्हा बसतात.

चेहरा निम्मा झालाय त्यांचा. लग्नातला सूट बसायला लागलाय. मी म्हटलं हा सूट तरी खरं बोलतोय ना? तर म्हणाले, सूट सरकारमान्य नाही.

तुम्ही मोठ्या आहात. तुमचं ऐकतील.

तुमची,
ऑड्री


ऑर्कनी,
९ एप्रिल, तातडीने

क्लेम,

काटा उचल. स्वयंपाकघरात ने. फरशीवर ठेव. चढ. मग मला लिही.

अशा काट्याचं बूड कडक जमिनीवर टेकायला हवं. मऊवर ठेवला की तो मनाला येईल ते बोलतो. एकदा एका घरात मी बाळाचा काटा चुकून मेंढीच्या कातड्यावर ठेवला होता. बाळ एवढं गुटगुटीत भरलं की मी आईचं अभिनंदन करून निघाले. दुसऱ्या आठवड्यात दगडी ओट्यावर ठेवला तेव्हा काय ते कळलं.

गालिचा तुझ्या पहिल्याच पत्रात होता. मी रंग वाचला, नाक मुरडलं आणि पुढे गेले. बाथरूममध्ये गालिचा घालणारा देश जगात दुसरा नसेल.

बिस्किटांचा डबा मागे घेते.

मर्टल


थॉर्नकोम,
१४ एप्रिल

प्रिय, प्रिय मर्टलताई,

चौदा स्टोन सहा.

पुन्हा लिहितो, लिहायला बरं वाटतं. चौदा स्टोन सहा. तुझं पत्र न्याहारीच्या वेळी आलं. मी काटा छातीशी धरून खाली आलो, फरशीवर ठेवला, चढलो, आणि ऑड्रीला हाक मारली. ती म्हणाली बिघडला. तिला चढवलं. तिचा आकडा सांगायची परवानगी नाही, पण ती एकदम माझ्या गळ्यात पडली. मग आम्ही दोघं काटा घेऊन घरभर हिंडलो. बाथरूममध्ये मी पंधरा स्टोन आठ. स्वयंपाकघरात चौदा सहा. जिन्याखालच्या लाकडी फळीवर चौदा सहा. पुन्हा बाथरूम, पंधरा आठ. ब्रॅम्बललाही दोन्हीकडे उभं केलं, त्याच्यावरही अन्याय होत होता. टपालवाला दुसरं पत्र द्यायला परत आला तर त्यालाही म्हटलं, जरा वर चढ रे. चढला बिचारा. सरकारी माणूस, नगराध्यक्षाला नाही कसं म्हणेल?

म्हणजे तीन महिने मी एका गालिच्याशी झुंजत होतो. आणि पँट खरं बोलत होती, सूट खरं बोलत होता, बायको खरं बोलत होती. या तिघांना सोडून मी एका स्प्रिंगवर विश्वास ठेवला. दिवसातून दहादा चुकीचं उत्तर ऐकलं की ते पाठ होतं, बरोबर होत नाही, हे मला काट्याच्या नऊ पौंड किमतीत मिळालं असतं तरी स्वस्त होतं. मला तर वर सोळा पौंड सूट मिळाली.

पंधरा चारच्या खाली मी इतका आहे की आता मला श्वास घेता येतो. आणि खाता येतं. निरोपाचे चहा सुरू झालेत. काल बोलिंग क्लबमध्ये मी मांस भरलेला अख्खा स्टेक-किडनी पाय खाल्ला आणि सेक्रेटरीच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवारी चर्च, बुधवारी शाळा. मिसेस टॅपस्कॉटकडून मात्र अजून बोलावणं नाही.

स्लोकमची गंमत ऐक. त्याचं पहिलं वजन त्याच दिवशी व्हायचंय, माझ्यानंतर. पहिलं वजन जितकं जड तितकं पुढच्या वर्षी सोयीचं, हे त्याने बरोबर हेरलंय. सध्या तो हॉटेलात दोन न्याहाऱ्या घेतो, एक स्वतःच्या नावाने आणि एक पाहुण्याच्या. पाहुणा अजून कोणी पाहिलेला नाही.

काल रात्री मनात आलं, बाबांनाही कोणी फरशी दाखवायला हवी होती.

क्लेम


ऑर्कनी,
३० एप्रिल

प्रिय क्लेम,

तुझं शेवटचं वाक्य वाचलं आणि पत्र ताटलीखाली सरकवलं. दहा-बारा दिवस ते तिथेच होतं. आता लिहिते.

बाबांना फरशी नको होती. त्यांच्या वजनात चूक नव्हती. १९४९च्या मार्चमध्ये त्यांना न्यूमोनिया झाला. तुला मावशीकडे पाठवलं होतं आणि बाबा गुरं बघायला वेल्सला गेलेत असं सांगितलं होतं. गावालाही तेच सांगितलं. ते वरच्या खोलीत होते. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते, रजा काढून आले, मी आणि आईने त्यांना बघितलं. आजारापूर्वी ते चौदा स्टोन होते. मेमध्ये पहिल्यांदा त्या खुर्चीत बसले तेव्हा बारा भरले. उभं राहायला त्यांनी माझा दंड धरला होता. लोकांना वाटलं मुलीचं कौतुक चाललंय.

वर्षभरात ते सावरले. माणूस आजारातून उठला की भरतो. १९५०च्या मेमध्ये साडेतेरा झाले. आजारापूर्वीच्या वजनापेक्षा अर्धा स्टोन कमीच, म्हणजे सात पौंड. पण त्या गावाला फक्त बारा माहीत होते. “आणि वर थोडं जास्त” हे चोपदाराने पुकारलं ते अगदी खरं होतं, आणि साफ चूक होतं. वर्षातून एकदाच तोललं तर असं होतं, क्लेम. काटा त्या दिवसाचं सांगतो. अधल्यामधल्या दिवसांचं कोणी विचारतच नाही.

त्यांनी एक शब्द सांगितला असता तर गाव गप्प झालं असतं. का नाही सांगितला ते मी त्यांना विचारलं होतं. दुकानाच्या मागे हात धूत होते. म्हणाले, “मर्टल, ज्याची छाती खराब होती त्या खाटकाच्या हातचं मटण कोण घेईल?” म्हणून काळ्याबाजाराचा डाग घेतला. त्याने गिऱ्हाईक निदान हसत तरी येत होतं. माझ्याकडून वचन घेतलं की कोणाला सांगायचं नाही. मी आई गेल्यावरही पाळलं.

आता त्या दुकानात तू बूट विकतोस. बुटांना खोकला लागत नाही. वचन संपलं असं मी धरते.

तू काय करायचं ते मी सांगत नाही. एवढंच सांगते की काटा माळ्यावर टाक आणि त्या शनिवारपर्यंत चढू नकोस. आता रोज बघून तुझा आकडा बदलणार नाही, फक्त तू बदलशील. आणि ते स्टेक-किडनी पाय जरा कमी.

मर्टल


थॉर्नकोम,
२० मे, रविवार

प्रिय मर्टलताई,

घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

काटा माळ्यावर टाकला होता. दोन आठवडे चढलो नाही. त्यामुळे काल सकाळी टाउन हॉलच्या पायऱ्या उतरताना मला माझं वजन काय आहे याची गावाइतकीच माहिती होती. आणि त्या दोन आठवड्यांत मी, तुला म्हणून सांगतो, एकाही मतदाराला दुखावलं नव्हतं.

सगळं गाव होतं. ऑड्रीने झगा घेतला, साखळी घेतली. मी शर्टावर, ब्रेसेस दिसतायत. खुर्चीकडे निघालो तर गर्दीतून मिसेस टॅपस्कॉट पुढे आल्या. हातात अक्रोडाचा केक. तुकडा नव्हे, अख्खा, चर्चच्या घुमटाएवढा. म्हणाल्या, “फेब्रुवारीत लपून नाही म्हणालात. आज सगळ्यांसमोर म्हणा.”

काय करणार? बायका बघतायत, स्लोकम बघतोय. मी म्हटलं, “बाई, हा मी सोडणारच नाही,” आणि केक घेऊन खुर्चीत बसलो.

होरेस म्हणाला, “साहेब, तो खाली ठेवा.”

“का?”

“केकसकट वजन करायचा रिवाज नाही.”

मागून कोणीतरी ओरडलं, “वर्षभर पोटात होता, आज मांडीवर आहे, फरक काय?” गाव हसलं. होरेसने खांदे उडवले आणि साखळी ओढली. माझे पाय जमिनीवरून सुटले. ताई, त्या खुर्चीत बसल्यावर कळतं की ती हलते. खालून कधी दिसलं नव्हतं. मी केक घट्ट धरून बाबांच्या जागेवरून चौक बघत होतो. पहिल्या रांगेत मुलं होती, हातात कागदी झेंडे.

होरेसने सुई बघितली. चष्मा वर केला, पुन्हा बघितली. घंटा वाजवली.

“क्लेमेंट पेटिफर. पंधरा स्टोन दोन पौंड. केकसकट.”

आणि थांबला. हा माणूस तीस वर्षं चर्चमध्ये गातोय, कुठे थांबायचं ते त्याला बरोबर कळतं.

“आणि जास्त नाही.”

आवाज केवढा झाला ते मी सांगू शकत नाही. मिसेस टॅपस्कॉटनी पिशवी उंच उडवली. ऑड्री माझ्याच झग्यात तोंड खुपसून रडत होती. मी मात्र कोरडा होतो, मी वाट बघत होतो.

मग स्लोकमने शपथ घेतली, साखळी त्याच्या गळ्यात पडली, पुन्हा उतरवली, आणि तो खुर्चीत बसला. बसताना खळ्ळ झालं. होरेस म्हणाला, “खिसे.” स्लोकम म्हणाला, “रुमाल आहे.” रुमालासोबत सहा बिजागऱ्या निघाल्या, पितळी, त्याच्याच दुकानातल्या, आणि दाराची एक मूठ. एक मुलगी म्हणाली, “काका, दार कुठाय?” गाव पोट धरून हसलं. आणि खरं सांगतो, स्लोकमही हसला. लालभडक होऊन हसला. मला तो त्या क्षणी पहिल्यांदा आवडला.

तेव्हाच मी बोललो. नाहीतर धीर झाला नसता. म्हटलं, “नगराध्यक्ष महाराज, अजून एक वजन पुकारायचं राहिलंय. चौतीस वर्षं राहिलंय.”

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी भाषण तयार केलं होतं, ते सगळं विसरलो. एवढंच म्हणालो की माझे वडील पहिल्या वजनाला बसले तेव्हा न्यूमोनियातून नुकते उठले होते, गिऱ्हाईक जाईल म्हणून कोणाला सांगितलं नाही, आणि वर्षभरात त्यांनी जे कमावलं ते गावाचं नव्हतं, त्यांचं स्वतःचंच परत आलं होतं, तेही पुरतं नाही. त्यांची सेवा माझ्या बहिणीने केली, ती नर्स आहे, तिला आकडे माहीत आहेत.

मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांपैकी एकाने टोपी काढली. मग शेजारच्याने.

चोपदाराला पुकारायला नगराध्यक्षाची परवानगी लागते. होरेसने स्लोकमकडे बघितलं. स्लोकम अजून खुर्चीत होता, लोंबकळत, खिसे उलटे बाहेर लटकलेले. तो म्हणाला, “पुकार की, होरेस. माझ्याकडे काय बघतोस?”

होरेस माझ्या कानाशी आला. “काय पुकारू?”

मी सांगितलं. त्याने घंटा वाजवली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. बाबांच्या वेळी त्याचेच वडील चोपदार होते, हे मला तेव्हा आठवलं.

“अॅल्फ्रेड पेटिफर. चौदा स्टोनांचा माणूस. साडेतेरा स्टोन.”

मग, मोठ्याने, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं,

“आणि जास्त नाही.”

टाळ्या नाही वाजल्या, ताई. होरेसने घंटा खाली ठेवली. मग मिसेस टॅपस्कॉट म्हणाल्या, “आता तो केक कापा, उभ्याने वाळतोय.” आणि तो आम्ही तिथेच, तिकाटणीखाली कापला. मी दोन तुकडे खाल्ले. तिसरा तुला पाठवतोय, डब्यातून. अक्रोडाचा आहे, टिकेल.

क्लेम


ऑर्कनी,
२९ मे

प्रिय क्लेम,

केक पोचला. टिकला नाही, इथल्या पोस्टमास्तरीणबाईंनी डबा उघडताना एक बाजू चाखली आणि उरलेला मी संपवला. मिसेस टॅपस्कॉटना सांग की अक्रोड कडू नव्हते, आणि टोपीत टाकण्यासारखे तर मुळीच नव्हते.

स्लोकमला पुढच्या मेमध्ये सांभाळून घ्या. बिजागऱ्यांशिवाय त्याचं काय होईल कोण जाणे. हवं तर माझा सल्ला फुकट पाठव, आठवड्यातून एकदा, शुक्रवारी.

ऑड्रीला म्हणावं, गालिच्यातल्या खड्ड्यांवर रात्रभर बर्फाचे तुकडे ठेव, सकाळी विंचर. उठतात.

तुझं पत्र बंदरावरच उघडलं. थांबता आलं नाही. घरी येऊन परत वाचलं. मग म्हटलं, मर्टल, हे आठवड्यातून एकदा पुरे, रोज उघडून त्यात काही वाढत नाही. घड्याळाच्या मागे ठेवलं.

आज सकाळपासून चौथ्यांदा काढलंय. चहाच्या आधी, चहाच्या नंतर, कोंबड्यांना दाणे टाकल्यावर आणि आत्ता. दर वेळी तेवढंच भरतं.

मर्टल